शुक्रवारच्या पत्राचा खालचा तुकडा

खारूच्या उजव्या हाताची दोन बोटं सकाळी उठल्यावर वळत नाहीत, हे आईला कळून बरेच दिवस झाले होते, आणि त्यावर एक अक्षर बोलायची तिला चोरी होती. गरम पाण्यात थोडा वेळ हात धरला की बोटं सुटतात, मग दिवसभर काही त्रास नाही, असं खारूनं लिहिलं होतं. आईला लिहिलं नव्हतं. ईमेलच्या यादीत ज्यांची नावं होती त्या सगळ्यांना लिहिलं होतं. खुर्चीचे सांधे कसे आवळायचे ते सांगून झाल्यावर, अगदी शेवटी, जाता जाता. तेव्हापासून ती दोन बोटं आईच्या डोक्यातून हलायला तयार नव्हती. भांडी विसळताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती मध्येच थांबायची आणि स्वतःच्या हाताची तीच दोन बोटं वळवून बघायची.

"काय गं, कसली बेरीज चाललीय?" नवऱ्यानं एकदा विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली.

खारू ही तिची थोरली. खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. लहानपणी ती घरातलं काही फेकू द्यायची नाही. तुटकी बटणं, पेनांची टोपणं, काटे गळालेली घड्याळं, सगळं पलंगाखालच्या खोक्यात नेऊन साठवायची, म्हणून बाबांनी तिची खारूताई केली, आणि मोठी होता होता नुसती खारू उरली. आई तेव्हा ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर होती. शाळा सुटली की खारू तिथे यायची, आईच्या शेजारच्या स्टुलावर चढून बसायची आणि वाचायचं सोडून माणसं बघायची.

"आई, सगळ्यात जास्त वेळा कुठलं पुस्तक नेतात गं?"

"तो जाडा शब्दकोश."

"लोकांना इतके शब्द अडतात?"

"शब्द कुठले अडतायत! एक गृहस्थ आहेत, ते नेतात दर खेपेला. जेवायच्या टेबलाशी पोराला उंच बसवायला."

खारू उचकी लागेपर्यंत हसली होती. मग तिनं कोपऱ्यातल्या कपाटाशी उभ्या असलेल्या एका बाईंकडे हळूच बोट दाखवलं. "आणि त्यांच्या नावावर एकही पुस्तक का नसतं?"

"त्या घरी नेतच नाहीत. इथेच उभ्याउभ्या वाचतात. अर्धं ग्रंथालय वाचून झालंय त्यांचं, पण आमच्या कार्डावर बघशील तर कोरं."

पुढे खारूनं कॉमर्सची पदवी घेतली, एका ऑफिसात टेबलाशी बसायची नोकरी धरली, आणि तिथल्या सगळ्या डुगडुगणाऱ्या खुर्च्या एकेक करून दुरुस्त केल्या. साहेबानं तिला बोलावून सांगितलं की हे तुमचं काम नव्हे. तिनं ते मनावर घेतलं आणि नोकरी सोडली. दुसऱ्या गावात एका बाईंचं दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. पंखे, दिवे, छत्र्या, मिक्सर, खुर्च्या, कुलपं, लोक जे म्हणून टाकायला निघतात ते तिथे आणायचे. खारू तिथे लागली. बाबा म्हणाले, "पदवीला हौसेनं फ्रेम करून घेतली होती. आता निदान फ्रेम खिळखिळी झाली तर घरचं माणूस आहे." ते हसण्यावारी नेत होते, पण आईला झोप नव्हती. गरम सोल्डरची कांडी, विजेच्या तारा, उंच शिड्या, आणि एकटीचं घर.

बरं, फोनवर विचारावं तर खारू मुळातच शब्दांची कंजूष.

"कशी आहेस?"

"बरी."

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

"आई."

हे 'आई' म्हणजे पूर्णविराम. त्याच्यापुढे बोलणं सरकायचं नाही. मग फोन बाबांकडे जायचा आणि दोघं बापलेक कुठल्याशा मोटारीच्या बेअरिंगबद्दल बोलत बसायचे.

म्हणून ते शुक्रवारचं पत्र सुरू झालं तेव्हा आईला कोणीतरी बंद घराची खिडकी उघडून दिल्यासारखं झालं. वर्कशॉपच्या बाईंनी ठरवलं की गिऱ्हाइकांना आणि ज्यांना हवं असेल त्यांना दर शुक्रवारी ईमेलनं एक पत्र जाईल, आणि ते खारूनं लिहायचं. वरच्या भागात एखादी दुरुस्ती. मग एक ओळ नुसत्या चांदणीच्या खुणांची. आणि त्या चांदण्यांखाली चार-सहा वाक्यांचा एक तुकडा, खारूचा स्वतःचा. आज घराच्या खिडकीत कोणतं पाखरू बसलं, कोणत्या गिऱ्हाइकानं काय सांगितलं, आजारी असताना एकटीला किती कंटाळा येतो. फोनवर 'बरी' म्हणणारी मुलगी तिथे अशी मोकळी बोलायची की आईला वाटायचं, ही माझीच ना?

पहिली तीन पत्रं डिसेंबरातच आली, आणि त्यांवर आईनं तीन फोन केले. पहिला: शिडीवरून तोल गेला म्हणजे नक्की किती उंचावरून? दुसरा: घरात उंदीर दिसला तर ते घर बदलत का नाहीस? तिसऱ्या फोनला खारूचा बांध फुटला.

"आई, हे बघ. तू वाचणार आणि लगेच फोन करणार, हे डोक्यात असलं की माझं लिहिणंच आखडतं. मी लिहिताना तुझ्या काळजीला उत्तरं देत बसते."

"बरं, मग नाही वाचत."

"वाचू नकोस असं कुठे म्हणतेय! वाच की. फक्त त्यावर बोलू नकोस. फोन नको, उत्तर नको, सल्ला नको. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"बघ हं."

"शब्द दिला," आई म्हणाली, आणि समोर बसलेले बाबा हातातलं वर्तमानपत्र खाली करून तिच्याकडे बघतच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. ही बाई काळजी पोटात ठेवील हे त्यांना शक्यच वाटत नव्हतं.

पण तिनं ठेवली. वर्षभर ठेवली. शुक्रवारी दुपारी चहा झाला की ती बाबांच्या कॉम्प्युटरपुढे बसायची. तो कॉम्प्युटर बाबांच्या शिस्तीत होता. नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी जुने नकाशे त्या यंत्रात भरून ठेवले होते. एकदा कोणाच्या तरी फुलांच्या चित्रांच्या मेलमधून काहीतरी भलतंच आत शिरलं आणि सगळे नकाशे पुसले गेले. त्या दिवसापासून बाबांनी कानाला खडा लावला. मेलमधली चित्रं बंद. कुठल्याही निळ्या ओळीवर टिचकी मारायची नाही. नुसता मजकूर वाचायचा, तोही मोठ्या अक्षरात. खारूच्या पत्रात फोटो असायचे, पण आईला त्या जागी फक्त रिकाम्या चौकटी दिसायच्या, कोपऱ्यात एक छोटी फुली असलेल्या. तिला त्याचं काही नव्हतं. ती आधी चांदण्यांखालचा तुकडा वाचायची, मग वरून सगळं, मग पुन्हा तुकडा. वाचताना कधी हात फोनकडे जायचा. मग ती उठून कपाट आवरायला घ्यायची. त्या वर्षाइतकी स्वच्छ कपाटं त्या घरात कधी नव्हती.

कांडीचा चटका बसला तेव्हा ती काही बोलली नाही. शेजारची मैत्रीण गाव सोडून गेली आणि खारूला आठवडाभर बोलायला कोणी नव्हतं, तेव्हाही नाही. आणि आता ही बोटं.

अशात वर्ष संपलं आणि वर्षाचं शेवटचं पत्र आलं.

'या खेपेला दुरुस्ती नाही,' खारूनं लिहिलं होतं. 'बाई म्हणाल्या, वर्षभर काय लिहिलंस आणि कोणी वाचलं ते एकदा नीट बघ. पाठवणाऱ्या यंत्रणेत सगळं दिसतं: कोणतं पत्र किती जणांनी उघडलं, कोणी कधीच उघडलं नाही. मी आठवडाभर तेच बघत होते. सगळ्यात जास्त उघडलेलं पत्र, डुगडुगणारी खुर्ची. तुम्हा सगळ्यांच्याच खुर्च्या डुगडुगतात तर. सगळ्यात कमी, छत्रीच्या काड्या. ते मी सगळ्यात मेहनतीनं लिहिलं होतं, असो. सगळ्यात जास्त उत्तरं आली ती वस्तू टाकून कधी द्यावी या पत्राला, आणि त्यात निम्म्या लोकांनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं.'

इथवर आई हसत होती. पुढे होतं:

'एका वाचकानं एकही पत्र सोडलं नाही. तो माझा धाकटा भाऊ. मला हे स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याला बक्षीस पाठवलं आहे. आणि काही नावं अशी, की ज्यांनी वर्षभरात एकही पत्र उघडलं नाही. ती आम्ही यादीतून काढतो आहोत. राग नाही, प्रत्येकाला आपापले व्याप असतात. पण त्यातलं एक नाव बघून मी खुर्ची मागे सारून उठले. खालचा तुकडा मी त्या एका माणसासाठी लिहीत होते. समोर सांगता येत नाही ते इथून पोचेल असं वाटायचं. पोचत नव्हतं. आता लिहायचं कारण नाही. पुढच्या वर्षापासून वरचा भाग चालू राहील, खालचा तुकडा बंद.'

चांदण्यांची ओळ तेवढी होती. तिच्याखाली काही नव्हतं.

 कोणीतरी होतं तर खारूच्या आयुष्यात! आणि ह्या मेल्यानं एक पत्र उघडून बघू नये? ती मनातल्या मनात त्याला उभा-आडवा बोलली. तिनं त्याला उंची दिली, चष्मा दिला, आखडू चेहरा दिला.

संध्याकाळी तिच्या बहिणीचा फोन आला. मावशीलाही ते शुक्रवारचं पत्र यायचं.

"वाचलंस ना?" मावशीनं नमनाला घडाभर तेल न घालता विचारलं. "कोण गं तो?"

"मला काय माहीत!"

"तू आई ना तिची?"

"आईला मुली सांगतात का काही?"

"मला तर प्रकरण जुनं वाटतंय. 'समोर सांगता येत नाही' म्हणे. लग्न झालेला तर नसेल ना कोणी?"

"तोंडाला येईल ते बोलू नकोस हं."

"बोलत नाही. पण माणूस दगड असला पाहिजे. मी बघ, अर्धं का होईना, वाचते. मला त्यातलं काही कळत नाही, तरी वाचते. आणि धाकट्यानं तर कमालच केली हो! एवढा बिझी मुलगा."

"हो ना," आई म्हणाली. तिला धाकट्याचं खरंच कौतुक वाटलं. आणि त्या दगडाची चीड आली ती आणखी वाढली.

पुढच्या आठवड्यात मध्येच एक मेल आलं. खारूच्या वर्कशॉपचंच, पण त्यात खारूचा आवाज नव्हता. 'नमस्कार. गेल्या वर्षभरात आपण आमचं एकही पत्र उघडलेलं नाही. आपल्याला नको असलेली पत्रं पाठवत राहणं बरं नव्हे, म्हणून आपलं नाव यादीतून कमी करत आहोत. पत्र यापुढेही हवं असेल तर खालचं बटण दाबा.'

खाली बटण नव्हतं. रिकामी चौकट होती, कोपऱ्यात फुली असलेली.

आईनं ते पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा. चुकून आलं असेल, तिला वाटलं. शेजाऱ्याचं पत्र आपल्या दारात पडतं तसं. तिनं बाबांचा नियम मोडून त्या फुलीवर टिचकीसुद्धा मारली. काही झालं नाही. शुक्रवारी चहा पिऊन ती बसली. पत्र आलं नाही. संध्याकाळी परत बघितलं, रात्री जेवणानंतर परत. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की ज्याला आठवडाभर आपण शिव्या मोजतोय, तो उंच, चष्मेवाला, आखडू माणूस कोण ते.

 बाबांनी बाहेरून विचारलं, "काय लिहिलंय आज पोरीनं?" ती त्यांना दर शुक्रवारी थोडं वाचून दाखवायची.

"आज सुट्टी आहे तिची," आई म्हणाली.

तिला रडू आलं नाही. आधी नुसतं गोंधळल्यासारखं झालं, आपल्याच घराची किल्ली आपल्याच दाराला लागू नये तसं. वर्षभर मूग गिळून बसलो, ते कोणासाठी? शब्द पाळला म्हणून ही शिक्षा? आणि सगळ्या जगासमोर! मावशी वाचते, वर्कशॉपची गिऱ्हाइकं वाचतात, कोण कुठले लोक वाचतात, त्या सगळ्यांना सांगून झालं की एक माणूस असा दगड निघाला. माझ्याकडे यायचं, विचारायचं, भांडायचं, तर ते नाही.

रविवारी दोघं धाकट्याकडे जेवायला गेली. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. विम्याच्या कचेरीत तो कामाला होता आणि सुट्टीच्या दिवशीही त्याच्या कानाला फोन असायचा. सुनेनं दार उघडलं, बाबा सरळ सोफ्यावर जाऊन बसले, आणि आई दारातच थबकली.

टीव्हीच्या कडेला, रिमोट आणि मळक्या कपांच्या मधोमध, तिचा दिवा होता.

हिरव्या काचेचा, पितळी मानेचा टेबलावरचा दिवा. ग्रंथालयात तिच्या टेबलावर तो इतकी वर्षं होता की नवे दिवे आले तेव्हा साहेबांनी तो तिलाच देऊन टाकला. मग त्याची मान ढिली झाली, शेड छातीवर पडायला लागली. गेल्या वर्षी खारू आली होती तेव्हा तो पिशवीत घालून घेऊन गेली. "आई, ह्याची मान ताठ करून देते तुला." आई वाट बघत होती. मान टाकलेल्या दिव्याबद्दल एक पत्रही येऊन गेलं होतं. त्यात खारूनं लिहिलं होतं की हा दिवा वाचणाऱ्या माणसाच्या टेबलावर जायचा आहे. तो म्हणजे आपला, हे आई शब्दही न बोलता समजली होती.

"हा इथे कसा?" तिनं विचारलं.

"तो होय?" धाकट्यानं फोन बाजूला ठेवला. "ताईनं पाठवलाय. बक्षीस. मी तिची सगळी पत्रं वाचली ना वर्षभर."

"वाचलीस?"

"छे गं! मला माझ्या ऑफिसची मेलं वाचायला वेळ नाही, छत्रीच्या काड्या कुठे वाचू?" तो हसला, मग आईचा चेहरा बघून हसू आवरतं घेतलं. "अगं, माझ्याकडे मेल आपोआप उघडतं. बाजूला खिडकी असते ना, वरचं मेल पुसलं की त्याच्या खालचं आपसूक उघडून दिसतं. मी पुसत पुसत जातो, ते उघडत उघडत जातं. तिकडे तिला दिसतं की बुवा ह्यानं वाचलं."

"तिला कसं दिसतं?"

"प्रत्येक मेलमध्ये एक बारीकसं चित्र असतं. डोळ्याला दिसतसुद्धा नाही, टिंबाएवढं. मेल उघडलं की ते चित्र त्यांच्याकडून मागवलं जातं, आणि मागवलं की तिकडे खूण होते, उघडलं म्हणून. चित्र आलंच नाही तर खूण नाही."

सोफ्यावर बाबांनी पाणी पिता पिता पेला खाली ठेवला. ते आईकडे बघत नव्हते.

"चित्रं मी बंद केलेली आहेत," ते म्हणाले.

 सुनेनं आतून विचारलं, वाढू का. धाकट्याला आता कुठे उलगडा झाला. "म्हणजे ते नाव... आई, तू?"

"तुला माहीत होतं? तिनं सांगितलं होतं तुला, ते नाव कोणाचं?"

"नाही गं, शपथ. नाव नाही सांगितलं. फोन केला होता मला, बक्षीस पाठवतेय म्हणून. मी सांगणारच होतो खरं काय ते. पण तिचा आवाज रडवेला झाला होता, आई. म्हणाली, निदान तू तरी वाचतोस. आता त्यावर मी काय सांगू, की मी पण नाही?"

निदान तू तरी. आईनं ते दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. मग ती जेवायला बसली, थोडं जेवली, सुनेला चव छान आहे म्हणाली. निघताना धाकट्यानं दिवा कागदात गुंडाळून तिच्यापुढे धरला.

"घेऊन जा ना. तुझाच आहे."

"ज्याला दिलाय त्याच्याकडे राहू दे."

"आई, असं काय करतेस! मी ताईला फोन करून सगळं सांगतो आज."

"काही सांगू नकोस. तू गेलं वर्षभर काही वाचलं नाहीस, आता मध्ये बोलूही नकोस."

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली.  बाबा हळूच म्हणाले, "घरी गेल्यावर चित्रं चालू करून देतो. मागची सगळी पत्रं आहेत आपल्याकडे. तू एकेक करून उघड. तिकडे खुणा होतील, तिला दिसेल."

"म्हणजे मी आता यंत्रापुढे जाऊन हजेरी लावू? मी वाचलं हो, मी वाचलं हो म्हणून?"

"अगं, तसं नव्हे."

"तसंच आहे. तिनं माझ्यावर खूण ठेवली होती. मला न सांगता. मी वाचते की नाही हे मला विचारायचं सोडून त्या टिंबाला विचारलं. आणि टिंब बोललं ते खरं धरलं." पुढच्या बाकावरच्या बाईंनी मान वळवून पाहिलं, तसा तिनं आवाज खाली घेतला. "स्टुलावर बसून बघत होती ना सगळं? शब्दकोश नेणारा माणूस तिनं स्वतः बघितलाय. उभ्यानं वाचणाऱ्या त्या बाई बघितल्यात. परक्या माणसाचं समजलं तिला. आईच्या बाबतीत मात्र कार्ड कोरं दिसलं, की आई कोरी."

 बाबा म्हणाले, "चूक माझी आहे, चित्रांची."

"तुमची चूक नकाशांपुरती. ही दुसरी आहे."

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिली. राग कमी होत नव्हता. उलट एकेक आठवून त्याला धार चढत होती. शेवटचं पत्र आल्यापासून खारूचे दोन फोन आले होते, दोन्ही वेळा बाबांच्याच मोबाइलवर, आणि 'आई काय करतेय' हा प्रश्न त्यात नव्हता. तिच्या मनात आलं, आता आपणही करायचा नाही फोन. बघू किती दिवस राहते. आपणही तिला सांगू शकतो की तुझ्या दोन फोनांत माझं नाव निघालं नाही, सबब यादीतून कमी करत आहोत. हे वाक्य तिला इतकं आवडलं की ती ओट्याशी एकटीच, कडवटपणानं, हसली.

चहा गाळताना पातेलं चिमट्यात धरायला तिनं बोटं वळवली, आणि तिची नजर त्या बोटांवर गेली.

खालचा तुकडा बंद. म्हणजे बोटांचं पुढे काय झालं ते आता कधीच कळणार नाही. फोनवर विचारलं तर 'बरी' म्हणेल. बोटं सकाळी वळत नाहीत ते दुपारीही वळेनाशी होतील, कांडी हातातून निसटेल, स्क्रू धरता येणार नाही, आणि तरी ती 'बरी' म्हणेल. त्या अख्ख्या गावात कोणाला माहीत आहे ते? खुर्चीचं पत्र उघडणारे लोक वरचं वाचून, सांधे आवळून, मोकळे झाले असतील. आणि जिच्यासाठी लिहिलं होतं तिला ते पोचलं, हे लिहिणारीला माहीत नाही. ती तिकडे गरम पाण्यात हात धरून बसत असेल आणि समजत असेल की आईला काय त्याचं!

आईनं गाळणं खाली ठेवलं. हे मात्र तिला सोसवेना. खारूनं आपल्याला दगड ठरवलं ते ती विसरणार नव्हती. सगळ्यांसमोर ठरवलं ते तर नाहीच. त्याचं भांडण होणार, चांगलं कडकडून होणार. दिव्याचं होईल, टिंबाचं होईल, 'निदान तू तरी' याचं होईल. पण ते नंतर.

शब्द दिला होता की पत्रावर फोन करायचा नाही. तर पत्रच बंद झालंय, शब्दही संपला.

ती बाहेर आली. बाबा कॉम्प्युटरपुढे बसून चित्रं कुठून चालू करायची ते शोधत होते. तिनं त्यांच्या खांद्यावरून हात घालून तो बंद केला.

"राहू द्या ते. मोबाइल द्या इकडे. माझ्या फोनवरून केला तर कदाचित उचलणार नाही."

"काय सांगणार आहेस? चित्रांचं मी समजावून सांगू का?"

"काही समजावायचं नाही. वाचलं म्हणूनही सांगायचं नाही." ती खुर्चीत बसली, चष्मा वर सरकवला. "गरम पाण्यानं सुटतायत का अजून, की आता वेळ लागतो, एवढं विचारायचं. उजव्या हाताच्या त्या दोन बोटांचं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. बोटांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. तेवढा भाग तिनं वाचून दाखवला नव्हता. त्यांनी काही न विचारता मोबाइल पुढे केला, आणि तिनं खारूचं नाव शोधायला घेतलं.